गिरजाची बैठक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या ढुंगणाची पाहणी. ह्यात लाजण्यासारखं काही न्हाई. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला आमच्या घरात हे काम व्हायचं. आधी पाहणी, मंग देवापुढं दिवा. गिरजाला बाजेवर कुशीला वळवायचं, लुगडं सरकवायचं, बॅटरी मारायची आन बसायच्या दोन हाडांवरची, माकडहाडावरची, खुब्यावरची कातडी बघायची. कुठं लाल दिसलं तर अंगठा दाबायचा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाली भरली तर ठीक. लाली हललीच न्हाई तर समजायचं की आत रगत अडकलं, आन बाईसाहेबांचं बसणं बंद. माझ्या बायकोला कमरेखालचं काही कळायचं न्हाई. इंगळ ठेवला असता तरी कळला नसता. म्हणून तिच्या बुडाची खबर मला ठेवावी लागायची.

पण माझ्यावर भरोसा न्हवता. माझा दाढीचा आरसा तिच्या हातात असायचा आन मान वळवून ती सोताची पाहणी सोता बघायची.

"बॅटरी डावीकडं धरा."

"धरली."

"आरशात तुमचं थोबाड दिसून राह्यलं. सरका बाजूला."

"मी सरकलो तर बॅटरी कोण धरंल? तुझा बाप?"

"माझा बाप असता तर येवढा वेळ लागला नसता."

त्या दिवशी डाव्या हाडावर जरा लाली होती. अंगठा दाबला, पांढरं झालं, परत भरलं. बाकी सगळं बिलकुल साफ. तसं सांगितलं.

"खोटं सांगताल तर बघा."

"तुझ्या बुडावर खोटं बोलून मला काय मिळणार हाय गिरजे? आमदारकी?"

हसली. हसता हसता ठसका लागला. मंग सुनंला सांगितलं की उद्या हरभऱ्याची भाजी कर, तेल बेतानं घाल. मला म्हणली, "उशी उद्या उन्हात टाका, वास मारून राह्यली." बस. येवढंच. जाणारा माणूस काहीतरी मोठं बोलून जातो असं लोक सांगत्यात. आमच्या वाट्याला भाजीचं तेल आलं.

गिरजा राजूरकडची. आमचं गाव अंबडच्या अलीकडं. लग्न होऊन आली तवापासून मी तिला नीट बसलेली कधी पाहिलीच न्हवती. भाकरी खायची ती चुलीपुढं उकिडवी, एक डोळा दुधावर. कुणी "बस की गं" म्हणलं तर "बसले की" म्हणायची आन उभीच राह्यची. अशा बाईला देवानं खुर्चीत घातलं. देवाला बी विनोद कळतो, पण जरा जाडा.

पडली ती उन्हाळ्यात, नव्वद सालाच्या आसपास. घरावरच्या माळवदावर कुरडया घालत होती. घातलेल्या कुरडयांवर पाय पडू नये म्हणून मागं मागं सरकत गेली. माळवद संपलं, ही थांबली न्हाई. मी धावत गेलो तर खाली मातीत पडलेली, डोळे उघडे. मला बघून म्हणली, "वर फडकं टाका, कावळे येतील." पाठीचं हाड मोडलं हे आम्हाला नंतर कळलं. कुरडया त्या साली चांगल्या झाल्या होत्या, पण घरात कुणी तळल्या न्हाईत.

औरंगाबादला दोन महिने काढून घरी आलो. चार दिवस ती आढ्याकडं बघत पडून राह्यली. पाचव्या दिवशी मला बाजेपाशी बोलावलं.

"चालायचं संपलं, हे मला कळलंय. कुणी मला गोड गोड सांगू नका. पण मला बसायचंय. आन जाताना बी बसून जायचंय."

बाहेरच्यांना हे सांगावं लागंल. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवत्यात, भस्म लावत्यात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवत्यात. बसवूनच मिरवत नेत्यात आन मातीत ठेवायचं ते बी बसवूनच. आता माझी आई तीन वर्षं बाजेवर होती. आम्ही खाऊ घातलं, पाणी पाजलं, पण तिला हलवलं न्हाई. म्हतारं माणूस, कशाला तरास द्यायचा, असं आम्हाला वाटायचं. गुडघे पोटाकडं गेले ते तिथंच धरले. पाठीला जखमा झाल्या. गेली तवा चार माणसं तिला बसवायला झटली. एक पाय उघडावा तर दुसरा मिटावा. शेवटी उपरण्यानं बांधून कशीतरी कलती टेकवली, मान छातीवर पडलेली. माणसं कुजबुजत होती. तिला आंघोळ घालणाऱ्या बायांत गिरजा होती. तिनं ते सगळं जवळून पाहिलं होतं.

"तुमच्या आईचं तुम्ही पोतं केलं," गिरजा मला म्हणली. "माझं पोतं करताल तर भूत होऊन येईन आन रोज तुमच्या छातीवर बसंन. ताठ बसंन."

मंग तेच ठरलं. रोजचं बसणं तर पायजेच होतं, पण त्याच्या मागं हे शेवटचं बसणं होतं. त्याच्यासाठी तिची कंबर वाकती राह्यली पायजे, गुडघे उघडते पायजेत, पाठ सरळ आन कातडी सगळी जागच्या जागी.

चाकाची खुर्ची मिळाली जालन्याच्या एका शिबिरात. मांडव होता, हार होते, फोटो होता. ज्यानं ती खुर्ची बनवली त्याच्या डोळ्यापुढं कुणीतरी पैलवान असणार. गिरजा पाच फुटाच्या आतली, वाळल्या शेंगेसारखी. तिला आत ठेवलं तर पातेल्यात पळी ठेवल्यासारखी दिसायला लागली, एका कडेला टेकलेली. बूड रेक्झिनच्या झोळीत गेलं, गुडघे एकमेकांवर आले, पाय खालच्या पट्टीपर्यंत पोचंनात, हाताचे दांडे काखेत गेले.

फोटोवाला म्हणला, "आजी, जरा हसा."

"आधी बाहेर काढा, मंग हसते."

घरी आल्यावर खुर्चीभोवती मला चार चकरा मारायला लावल्या. "चोळीला माप घेत्यात, बैलाच्या जुवाला माप घेत्यात, आन माणसाच्या बसण्याला काही मापच न्हाई?" सुताराकडून फळी कापून आणली, ती झोळीत घातली. पायाखाली जेवायचा पाट सुतळीनं बांधला. दोन्ही कडांना गोधडीच्या वळकट्या. आता राह्यली उशी.

गोधडी शिवण्यात आमच्या आळीत तिचा हात कुणी धरत न्हवतं. पण उशी चांगली झाली का वाईट, हे बुडाला कळत्यं, आन तिच्या बुडाला काही कळायचं बंद झालं होतं. म्हणून तिनं माझं बूड कामाला लावलं. उशी शिवून झाली की मी खुर्चीत. अर्धा दिवस बसून सांगायचं, कुठं टोचलं, कुठं रुतलं. गावातले लोक दारावरनं जाताना बघायचे, म्हतारी बाजेवर आन म्हतारा चाकाच्या खुर्चीत. एक-दोघांनी तर मला काय झालं म्हणून घरात येऊन विचारलं. सात उशा मी बसून नापास केल्या. आठवी पास केली. त्याच्यावर ती बसली तर दुसऱ्याच दिवशी दोन्ही हाडांवर लाल.

"तुमच्या बुडाचा काही उपेग न्हाई," ती म्हणली. "त्याच्यावर म्हशीयेवढं मांस हाय. तुम्हाला दगडावर बसवलं तरी मऊच लागंल."

एका दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं की स्कूटरची ट्यूब फुगवून त्याच्यावर बसवा, मधी भोक असतं, हाडाला लागत न्हाई. बसवली. हाडाला लागलं न्हाई हे खरं, पण भोवती ट्यूबचं कडं असं उमटलं की पाहणीच्या टायमाला मला वाटलं कुणी शिक्का मारला. ट्यूब पोरांना विहिरीवर पवायला दिली.

मंग एका सकाळी गिरजानं सुनंला हाक मारली. "संगीता, दोन शेर कणीक मळ. जरा घट्ट."

"आत्याबाई, येवढे पाव्हणे कोण येऊन राह्यले?"

"कुणी न्हाई. मला बसायचंय."

संगीतानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. गिरजानं ती कणीक फळीवर बोटभर जाड थापून घेतली, वर ओलं फडकं टाकलं आन मला म्हणली, बसवा. बसवली. थोड्या वेळानं उचलली. फडकं काढलं तर कणकेवर तिची सगळी बैठक उमटलेली. दोन जागी कणीक इतकी पातळ झाल्ती की खालची फळी दिसत होती. मांडीखाली मात्र जशीच्या तशी, जाड.

गिरजानं त्या दोन्ही जागी बोट टेकवून पाहिलं. "म्हणजे मी दोन बोटांवर बसून राह्यले," ती म्हणली. "येवढ्या मोठ्या मांड्या देवानं दिल्या, त्या फुकट हायेत."

त्या कणकेवरनं तिनं उशी कापली. खाली टणक फोम, हाडांच्या जागी तो खोलगट कापलेला, मांडीखाली जरा चढता. वर कापूस, कापसावर जुन्या लुगड्याचे तीन पदर, आन गाठ एकबी वर न्हाई, सगळ्या गाठी कडंला. दर वेळी बदल केला की परत कणीक, परत उमटवणं. बसता बसता कणीक सगळीकडं सारखी दबायला लागली तवा म्हणली, "आता झालं." ती कणीक आम्ही म्हशीला घालायचो. हे मी आधीच सांगतो, कारण आमच्या घरी पोळी खाताना लोक अजूनबी एकदा माझ्याकडं बघत्यात.

जालन्याला व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. अंगठा दाबायचं त्यांनीच शिकवलं. उशी त्यांनी हातात घेतली. उलटी केली, दाबली, हाताखाली घेतली. मंग म्हणल्या, "आजी, उशी कितीपण चांगली असू द्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग पुढं टाकायचं. छाती मांड्यांवर. दोन मिनिटं तसंच. हाडाखाली हवा गेली पाहिजे."

"मला घड्याळ कळत न्हाई बाई."

"मग कुणालातरी आठवण करायला सांगा."

"ह्यांना? ह्यांना सोताच्या जेवणाची आठवण मी करून देते."

तिनं तिचा हिशोब सुईवर बसवला. एक दोरा संपला की सुई खोचायची आन पुढं वाकायचं. हातभर दोऱ्याला बराबर तेवढाच टाइम लागायचा. एकदा संगीतानं सारखं ओवायचा कंटाळा म्हणून दोन हात लांब दोरा ओवून दिला. गिरजानं चार टाके घातले, दोरा वर धरून पाहिला आन म्हणली, "मला मारायचा बेत चाललाय का गं?" संगीता बिचारी अजून लांब दोरा ओवत न्हाई.

ह्या वाकण्याची एक गंमत. गिरजा दारात बसायची, तोंड रस्त्याकडं. समोर कोण बसलंय, काय बोलून राह्यलंय, ह्याच्याशी तिला मतलब नसायचा. दोरा संपला की धाडकन पुढं. एकदा रेशनचे एक साहेब चौकशीला आले. संगीताचं नाव कार्डावर चढवायचं होतं, त्याला दोन वर्षं झाल्ती. साहेब बाजेवर बसले, कागद काढले आन सांगू लागले की हा कागद न्हाई, तो कागद न्हाई, पुढच्या महिन्यात बघू. तेवढ्यात दोरा संपला. गिरजानं सुई खोचली आन साहेबांच्या पायाच्या दिशेनं अशी वाकली की डोकं गुडघ्यापाशी, दोन्ही हात खाली सोडलेले.

साहेब ताडकन उभे राह्यले. "आजी, आजी, हे काय करता! माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. उठा बरं."

गिरजा काही उठंना. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

"अहो, ह्यांना उठवा की!" साहेब मला म्हणले.

मी म्हणलं, "ती आता उठायची न्हाई." खरंच होतं ते.

साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. तेव्हा कुठं गिरजा वर आली, तोंड लाल झालेलं, आन साहेबांना म्हणली, "चहा घेताल का?" साहेब चहा न घेता गेले. मागनं तिला सगळं सांगितलं तर इतकी हसली की परत पुढं वाकावं लागलं.

आता माझ्या चुकीचं. ते बी सांगतो, लपवायचं काय.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी पोळा आल्ता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर जुवाखाली घासलेले बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद चोळायची आन बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी अंगणात बैलांचे खांदे चोळत होतो. गिरजा दारातनं बघत होती.

"अवो," ती म्हणली, "त्यांनी वर्षभर जू वाह्यलं. मी काय वाह्यलं?"

"काय?"

"मला. मीच मला वाहून राह्यले की. माझ्या बुडाला कुणी आवतण देत न्हाई."

मला हसू आलं, आन मला वाटलं बराबर बोलली. बैलाचं खांदं ज्यानं बरं होतं त्यानं माणसाचं का होणार न्हाई? संध्याकाळी वाटीत उरलेली लोणी-हळद घेतली आन तिच्या दोन्ही हाडांवर चांगली चोळली. कानाशी जाऊन म्हणलं बी, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ती म्हणली, "पुरणाची पोळी पायजे, आन झूल बी." आम्ही दोघं म्हतारे त्या दिवशी नव्या जोडप्यासारखे हसलो.

हळदीनं कातडी पिवळीधम्मक झाली. लोण्यानं मऊ पडली. आठ दिवस रंग जाईना. रोज बॅटरी मारायचो, अंगठा दाबायचो, पण पिवळ्यावर लाल काय आन पांढरं काय, काही दिसंना. मी म्हणायचो साफ. पिवळं साफ. आठव्या दिवशी रंग फिका पडला तर उजव्या हाडावर रुपयायेवढी जागा काळपट, आन चार दिवसांत ती फुटली.

दीड महिना पालथी. बसणं बंद, दार बंद, सुई बंद. उशीत तोंड घालून पडायची आन मी जखम धुवायचो. मी रडलो त्या दिवसांत. माझी चूक झाली हे सांगायचं मी रोज उद्यावर टाकायचो. तिनंच उशीतनं आवाज दिला.

"अवो."

"काय?"

"बैलाला खांदा दुखला तर कळतो. तो जू टाकून देतो. मला कळत न्हाई. बैलाचं औषध मला कशाला चालंल? हे आपल्या दोघांच्या ध्यानात आलं न्हाई. दोघांच्या." उशीतनं तोंड बाहेर काढलं. "पुढच्या पोळ्याला नुसती पोळी द्या."

ती जखम भरली. त्याच्यानंतर एकबी झाली न्हाई, अकरा वर्षं संपेपर्यंत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ह्याचं काही वाटायचं न्हाई. मला वाटायचं.

दुसऱ्यांच्या बसण्यावर तिचा डोळा असायचा. आमच्या गावात साळवे गुरुजी होते. पोरांना छडी मारून सरळ बसवण्यात उमर गेलेली. लकव्यानं उजवी बाजू गेली, चाकाची खुर्ची आली. ते सारखे पुढं घसरायचे म्हणून त्यांच्या सुनंनं छातीला टॉवेल आवळून खुर्चीला बांधलेलं. गुरुजी कुणाशी बोलत न्हाईत, वर बघत न्हाईत, डोकं गेलं असं गावात बोललं जायचं. गिरजानं मला खुर्ची ढकलायला लावली. खुर्चीसमोर खुर्ची. मान वाकडी करून तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही बसलेले न्हाईत. तुम्ही सांडलेत."

गुरुजींनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. राग आल्ता.

"रागवा, पण आधी मागं सरका. अवो, त्यांचा टॉवेल सोडा."

"आजी, पडतील ते!" सून म्हणली.

"बांधलेला माणूस पडत न्हाई बाई, घसरून लोंबतो. सोडा."

मी टॉवेल सोडला. गिरजानं सांगितल्यासारखं गुरुजींना पुढं वाकवलं, काखेत हात घालून कंबर पार मागं नेऊन टेकवली. झोळीत फळी घातली, पायाखाली विटा दिल्या, उजव्या काखेशी वळकटी. हात काढून घेतला. गुरुजी न पडता राह्यले. मान हळूहळू वर आली. दारातनं रस्ता दिसत होता, रस्त्यावर एक बाई घागर घेऊन चालली होती. गुरुजी बघत राह्यले. मंग जड जिभेनं म्हणले, "गिरजाबाई, अडीच वरसं मी माझं पोट बघतोय."

"मंग? कसं हाय?"

"कंटाळलो."

त्याच्यानंतर गुरुजींनी पेपर लावला. डोकं बिलकुल जागेवर होतं, नुसतं मानेवर न्हवतं. गिरजानं त्यांना एक उशी शिवून दिली. त्यांच्या घरी कणीक मळायची वेळ आली तवा मी गेलो न्हाई. एका घरातली बैठक बघितली तेवढी बास झाली.

आन आमची रोजची सकाळ. गोठ्यातलं आवरायच्या आधी तिचे पाय. एक गुडघा छातीकडं, सरळ, परत छातीकडं. मंग बाहेरच्या अंगाला उघडायचा. मंग दुसरा. घोटे फिरवायचे. शेवटी उशीवर मांडी घालून भिंतीला टेकवायची, मी चहा पिऊन होईपर्यंत. चुलत भाऊ यायचा, बघायचा आन म्हणायचा, "वहिनीला पळायच्या शर्यतीत घालून राह्यला का रे?" मी त्याला काय बोलायचो ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. मी बी काही साधू न्हवतो. थंडीत सांधे आखडलेले असायचे, माझी कंबर दुखायची, एखाद्या दिवशी म्हणायचो, "आज राहू दे." ती भांडायची न्हाई. नुसतं म्हणायची, "पोतं." मी उठायचो.

तीच म्हणायची, "माझ्या पायांना काही कळत न्हाई, म्हणून त्यांना तुमचं काही वाटत न्हाई. मला वाटतं." हे एकदाच म्हणली. रोज म्हणली असती तर मी चढलो असतो.

भाजीचं सांगितलं त्या रात्री मी तिला नेहमीसारखं कुशी बदलून निजवलं. तांबडं फुटायच्या टायमाला परत वळवायला उठलो. खांद्याला हात लावला आन मला कळलं. अंग कोमट होतं. तोंड शांत, जरा चिडल्यासारखं, जसं कुणी बोलताना मधी टोकलं.

मला माहीत होतं की अंग ताठ धरायच्या आत बसवलं पायजे. घरात सगळे झोपलेले. सोमाला, पोराला, हाक मारावी असं मनात आलं. पण त्यानं आईला उचललेलं मी दोनदाच पाहिलं होतं, आन दोन्ही वेळा त्यानं काखेत धरून ओढलं होतं. मी हाक मारली न्हाई.

भिंतीपाशी घोंगडी टाकली. तिला उचलली. वजन तेवढंच होतं, जड बिड झालं न्हवतं, लोक सांगत्यात ते खोटं. भिंतीला पाठ लावली, पुढं वाकवून कंबर पार मागं नेली. उजवा पाय घेतला. गुडघा दुमडला, बाहेर उघडला, टेकला. डावा घेतला. तो बी टेकला. कुठं जोर लावावा लागला न्हाई. मांडी अशी पडली जशी एखादी बाई आपण होऊन बसते. मागनं दोन गोधड्या दिल्या, हनुवटीखालनं फडकं घेऊन खुंटीला सैल अडकवलं. पदर नीट केला. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, त्याच्याखाली उजवा हात. मंग चार पावलं मागं गेलो आन पाहिलं. एक खांदा बोटभर खाली होता. परत जाऊन घोंगडीची घडी सरळ केली. आता दोन्ही खांदे एका रेषेत आले.

तिच्या शेजारी भिंतीला टेकून आपण बी जरा मांडी घालून बसावं असं वाटलं. बसायला गेलो तर माझे गुडघे वाकंनात. अकरा वर्षांत माझ्या पायांना कुणी हात लावला न्हवता. शेवटी तसाच पाय लांब सोडून बसलो तिच्या बाजूला, बाहेर उजेड होईपर्यंत. मंग भिंतीला धरून उठलो आन सोमाला हाक मारली.